सहाशे किलोमीटर आणि एक खोडलेली नोंद

मार्चच्या लाँग वीकेंडला पर्थला जायचं, हे आमच्या घरी जेवताना दीड मिनिटात ठरलं. शनिवारी तिथे बेसबॉलची फायनल होती आणि रविवारी आमच्या कालगुर्लीच्या क्लबचं बार्बेक्यू, गाव सोडून पर्थला स्थायिक झालेल्या जुन्या खेळाडूंसह. त्यात क्लबच्या हॉल ऑफ फेमसाठी एक नाव निवडायचं होतं.

हॉल ऑफ फेम म्हटल्यावर फार भव्य काही डोळ्यांसमोर आणू नका. आमच्या क्लबहाऊसमध्ये फ्रिजच्या वर जॅरा लाकडाचा एक फळा आहे. त्यावर सोनेरी अक्षरांत अकरा नावं आहेत, आणि दर काही वर्षांनी त्यात एकाची भर पडते. पण कालगुर्ली हे सोन्याच्या खाणीचं गाव. इथे माणसं येतात, कॉन्ट्रॅक्ट संपलं की जातात. अशा गावात भिंतीवर नाव राहणं ही लहान गोष्ट नाही.

या वेळी दोन नावं चर्चेत होती. एक टेरी, वीस वर्षं आमच्या संघाचा शॉर्टस्टॉप. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला, सगळ्यात जास्त धावपळ करणारा फिल्डर. आणि दुसरं निखिल, आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. निखिल माझा नवरा.

निघायच्या आदल्या दिवशी क्लबच्या अध्यक्षबाई जोआन यांचा मेसेज आला. ‘डॉक, आठ वर्षांपूर्वीच्या फायनलचं स्कोअरबुक घेऊन ये. वाद एकदाचा मिटेल.’

गावच्या हॉस्पिटलात मी डॉक्टर, आणि क्लबची स्कोअररही मीच. मी ते पुस्तक कपाटातून काढलं आणि दशम्यांच्या डब्याखाली ठेवलं.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. तुम्ही हा प्रवास करणार असाल तर लवकरच निघा. एकूण सहाशे किलोमीटर, थांबत थांबत सात तास. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, आणि त्यांच्याशी झालेल्या टकरीत गाडीचंच जास्त नुकसान होतं. विमानाने तासाभरात पोचता येतं, पण लाँग वीकेंडला चार तिकिटांचे दर पाहिले की गाडीच बरी वाटते. पेट्रोलची टाकी पूर्ण भरून घ्या, माणशी तीन लिटर पाणी ठेवा आणि फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

गाडीत आम्ही चौघं. निखिल, मी, सोळा वर्षांची इरा आणि गुरप्रीत. गुरप्रीत खाणीत निखिलबरोबर काम करतो आणि संघात कॅचर आहे, म्हणजे निखिलने टाकलेला प्रत्येक बॉल ज्याच्या हातात जातो तो. इरा क्लबच्या ज्युनियर संघात शॉर्टस्टॉपला खेळते. तिला ते टेरीनेच शिकवलं. त्यामुळे कूलगार्डी यायच्या आधीच भांडण सुरू झालं.

‘‘भाभी, आप ही बताओ,’’ गुरप्रीत मागून म्हणाला. ‘‘फायनल मॅच. सात इनिंग. आपण एक-शून्यने हरलो, आणि तो एक रनसुद्धा टेरीच्या एररमुळे. निखिलच्या नावावर एकही रन नाही! फळ्यावर और किसका नाम जाएगा?’’

‘‘टेरी प्लेड ट्वेंटी इयर्स,’’ इरा म्हणाली. ‘‘वन बॅड बॉल, अंकल. वन!’’

‘‘वन बॉलमध्येच तर फायनल हरतात, बेटा.’’

‘‘मग डॅडने स्टार्टिंगला त्या बॅटरला चार वाईट बॉल टाकून वॉक का दिला, फुकटचा बेस?’’

‘‘ए, माझ्याच गाडीत बसून?’’ निखिल हसत म्हणाला. पण त्याने आरशात पाहून कॅप नीट केली. त्याला आपलं नाव त्या फळ्यावर हवं होतं. तो तोंडाने कधीच बोलणार नाही, पण लग्नाला वीस वर्षं झाली की कॅप नीट करण्यावरूनही कळतं.

कूलगार्डी ते सदर्न क्रॉस हा रस्ता मला फार आवडतो. दोन्ही बाजूंना तांबूस, गुळगुळीत खोडांची सॅमन गमची झाडं, खाली लाल माती, आणि रस्त्याच्या कडेने सोबत करणारी पाण्याची जाडजूड पाइपलाइन. आमच्या नळाला येणारं पाणी हेच, पर्थकडून येणारं. मधूनच मिठागरासारखं पांढरं, कोरडं तळं लागतं. तीन-तीन डब्यांचे ट्रक समोरून आले की आपली गाडी हलते, तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि ओव्हरटेकची घाई करायची नाही.

सदर्न क्रॉसला पेट्रोल भरलं. रोडहाऊसमध्ये खिमा भरलेली गरम ‘मीट पाय’ आणि आइस्ड कॉफी मिळते, दोन्ही उत्तम. आम्ही मात्र बाहेरच्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. गुरप्रीतने चार खाल्ल्या आणि पाचवीकडे बघत ‘‘भाभी, निखिल को डायटिंग पे रखो,’’ म्हणाला.

डब्याखालचं पुस्तक इराच्या हाती लागलं. तिने फायनलचं पान उघडलं. स्कोअरबुकात प्रत्येक फिल्डरला नंबर असतो. शॉर्टस्टॉप सहा. शेवटच्या चौकटीत माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ई-सिक्स. सहा नंबरचा एरर.

तिने पान उन्हात तिरकं धरलं. ‘‘मम, इथे काहीतरी खोडलंय. ओ, आय रिमेंबर! तू माझा स्ट्रॉबेरीचा खोडरबर घेतला होतास.’’

‘‘घेतला असेन,’’ मी म्हणाले आणि डबा बंद केला.

निखिल आणि गुरप्रीत गाडीची काच पुसत होते. त्यांनी ऐकलं नाही.

आता तुम्हाला सांगायलाच हवं. बेसबॉलमध्ये फिल्डरकडून बॉल सुटला, तर तो हिट की एरर हे स्कोअरर ठरवते. साध्या प्रयत्नात जमण्यासारखा असून सुटला, तर एरर, आणि तो फिल्डरच्या नावावर कायमचा. जमण्यासारखा नव्हताच, तर हिट, आणि मग रन पिचरच्या नावावर. क्रिकेटमध्ये कॅच सुटला तर आपण चार शिव्या देतो आणि विसरतो. इथे तो नावानिशी लिहून ठेवतात. फायनलच्या शेवटच्या बॉलवर समोरच्या संघाचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर होता. बॉल सरपटत टेरीकडे गेला, एका खड्यावर आपटला आणि त्याच्या खांद्यावरून उडाला; तिसऱ्या बेसवरचा धावत आला आणि रन झाला. मी हिटची रेघ ओढली होती. मग वर पाहिलं, तर निखिल मैदानाच्या मधोमध कॅप तोंडावर धरून उभा होता. मी शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या इराचा खोडरबर मागितला.

आठ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी तेव्हा नवशिकी होते. नियम मला पाठ होता. हॉस्पिटलमध्ये चुकीची नोंद झाली तर मी ती स्वतःहून सांगते, कितीही जुनी असली तरी. इथे गप्प बसले, कारण खेळच तर आहे, असं वाटलं. पण गावात टेरीला अजूनही कोणी ना कोणी हसत हसत ‘ई-सिक्स’ म्हणून हाक मारतं, आणि तोही हसून हात वर करतो.

मेरेडिनपासून गव्हाची शेतं सुरू झाली, नॉर्थमनंतर डोंगर उतरलो आणि दुपारी एकच्या सुमारास पर्थ. मोटेलची खोली पावणेदोनशे डॉलरला पडली. लाँग वीकेंडसाठी महिनाभर आधी बुक केली होती, तुम्हीही तसंच करा. बार्बेक्यूआधी निखिलला सांगायचं, हे मी मेरेडिनलाच ठरवलं होतं. कसं, ते मात्र ठरत नव्हतं.

शनिवारच्या फायनलने ते सोपं केलं. मैदान छोटं, सगळीकडून जवळून दिसतं. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका, सावली अर्ध्याच बाकांवर आहे. चौथ्या इनिंगमध्ये यजमानांच्या शॉर्टस्टॉपसमोर बॉल उसळला आणि त्याच्या कानाजवळून गेला. लगेच आमच्या पुढच्या रांगेत वाद पेटला.

‘‘एरर! माझ्या आजीनेसुद्धा पकडला असता तो!’’ एक म्हातारबुवा ओरडले.

‘‘तुझी आजी चहाचा कप दोन हातांनी धरायची, कीथ,’’ त्यांची बायको म्हणाली.

‘‘नो वे, मेट,’’ निखिल पुढे वाकून म्हणाला. ‘‘क्लीन हिट. कोणालाच पकडता आला नसता.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘काय गं, स्कोअररबाई?’’

‘‘हिट,’’ मी म्हणाले. ‘‘आपल्या फायनलमधला टेरीचा बॉलही असाच उडाला होता.’’

‘‘त्याहून वाईट,’’ तो मैदानाकडे बघतच म्हणाला.

‘‘मी आधी हिट लिहिला होता, निखिल. मग खोडला.’’

आता त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘‘का?’’

‘‘तू कॅप तोंडावर धरून उभा होतास म्हणून.’’

त्याने गरम, तळलेल्या बटाटा-चिप्सची पुडी माझ्या हातात दिली आणि उठून कुंपणापाशी गेला. दोन इनिंग तिथेच उभा राहिला. मी त्याच्या मागे गेले नाही. चिप्स गार झाल्या. परत येऊन बसला तेव्हा म्हणाला, ‘‘आठ वर्षं मी ते शून्य मिरवलं, अनघा. टेरीसमोरसुद्धा.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘उद्या तू सांगणार की मी?’’

‘‘नोंद माझी आहे. मी सांगणार.’’

त्याने पुडीतली एक गार चिप उचलली. मला सुटल्यासारखं वाटलं, पण त्याच्याकडे बघून तसं वाटल्याची लाजही वाटली.

रविवारी नदीकाठच्या बागेत बार्बेक्यू होतं. इथे बागांमध्ये शेगड्या फुकट असतात. सॉसेज, कांदा आणि ब्रेड घेऊन गेलं की पंधरा जणांचं जेवण होतं. जोआनने चर्चा सुरू केली आणि पुस्तक मागितलं. मी ते उघडून टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. हिटची रेघ, खोडरबर, कॅप. कारण लपवलं नाही.

शेगडीवर सॉसेज तडतडत होते. गुरप्रीत निखिलकडे बघत होता आणि निखिल टेरीकडे.

टेरी पासष्टीचा, सडपातळ, जन्म खाणीत गेलेला. त्याने हातातली प्लेट खाली ठेवली. ‘‘नाही, डॉक. चूक माझीच. त्या सकाळी वॉर्म-अपला तो खडा माझ्या बुटाला लागला होता. म्हटलं, असू दे. उचलला नाही.’’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दर शनिवारी मॅचच्या तासभर आधी टेरी लोखंडी दाताळं घेऊन आमच्या मैदानाची माती सारखी करत असतो, खडे वेचून टिनच्या मगात टाकतो. आता तो खेळत नाही, तरी येतो. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला करमत नाही.

‘‘खडा उचलला नाही म्हणून कुठल्याच पुस्तकात एरर लिहीत नाहीत, मेट,’’ निखिल म्हणाला. मग जोआनकडे वळून, ‘‘माझं नाव काढ. मी टेरीचं सुचवतो.’’

सगळ्यात आधी हात वर केला गुरप्रीतने. ‘‘यार, रास्ते भर मुझसे झगड़ा क्यों करवाया?’’ एवढंच म्हणाला. विरोधात एकच मत पडलं, टेरीचं स्वतःचं. जोआनने त्याला मतमोजणीतून हाकललं.

पुस्तक मात्र बदलता येत नाही. मॅचनंतर दिवसभरात दुरुस्ती केली तरच, असा नियम आहे. ते ई-सिक्स तिथेच राहणार, आणि त्याखालची पुसट रेघही.

सोमवारी परत निघालो. गाडी इरा चालवत होती, शेजारी निखिल, गाडीला पिवळी एल-प्लेट. पाइपलाइन पुन्हा सोबत आली तेव्हा तो म्हणाला, ‘‘एक रन. तसं पाहिलं तर एक रन देऊन हरणं वाईट नाही.’’

‘‘इट्स प्रिटी गुड, डॅड,’’ इरा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली.

घरी आल्यावर बॅगा रिकाम्या झाल्या, लाल माती चार दिवस बुटांतून निघत राहिली. सहलीचं काय उरलं, असं विचाराल तर मला मागचा शनिवार सांगावा लागेल. मी नेहमीच्या वेळी मैदानावर पोचले तर टेरी एका बाजूला माती ओढत होता आणि दुसऱ्या बाजूला निखिल. ‘‘तिथे राहिलंय थोडं, निक,’’ टेरी ओरडत होता. निखिल मुकाट्याने मागे जाऊन खडे वेचत होता.

ज्युनियर्सची मॅच होती. दुसऱ्या इनिंगमध्ये एक साधा बॉल, सरळ, न उसळता, इराकडे आला आणि तिच्या ग्लव्हला लागून निसटला. जमीन सपाट होती. खडा नव्हता. तिने वर, माझ्या टेबलाकडे पाहिलं.

मी लिहिलं, ई-सिक्स.

इनिंग संपल्यावर ती पाणी प्यायला आली. ‘‘मम, दॅट वॉज अ हिट, राइट?’’

‘‘नाही. एरर.’’

तिने पुस्तकात डोकावून पाहिलं, बाटलीचं झाकण लावलं. ‘‘फेअर इनफ,’’ म्हणाली आणि पळत आपल्या जागेवर गेली. उभं राहण्याआधी तिने बुटाने माती नीट सपाट केली.