ह्यांची पट्टी

ह्यांच्या पायात काटा मोडला तो कांद्याला पाणी देताना. शुगरमुळे पायाला काही कळतच नव्हतं. पाय सुजून वास यायला लागला तेव्हा बुलढाण्याला दवाखान्यात आलो. डॉक्टरांनी सडलेलं मांस कापून काढलं. पाय राहिला, पण वरून बोटांपासून घोट्यापर्यंत उघडाच होता. रोज ड्रेसिंग करून जखम स्वच्छ, लाल झाली, मग मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावली.

डॉक्टर म्हणाले, "पट्टी मीच सोडणार. आत कातडी सरकली तर ती धरणार नाही. मग पाय वाचवणं अवघड आहे." मी मान हलवली. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

आमच्याकडे भेटायला आलेला माणूस जखम पाहिल्याशिवाय उठत नाही. दाखवली नाही तर त्याला परकं धरल्यासारखं होतं. आधी ड्रेसिंगच्या वेळी अर्धं गाव पाहून गेलं होतं.

कातडी लावल्यावर सोनाळ्याहून मोठ्या नणंदबाई आल्या. देवीचा अंगारा घेऊन आल्या होत्या. पिशवी ठेवल्या ठेवल्या मला म्हणाल्या, "सोड वं पट्टी. जखमीले लावते थोडासा."

"डॉक्टर नाही म्हणते, बाई."

"मी काय परकी हाय? याले कडेवर घेऊन फिरली मी."

हे म्हणाले, "दाखव न तिले. एवढ्या दुरून आली."

बाईंनी पट्टीची गाठ धरली. मी त्यांचं मनगट धरलं. भीतीने माझा आवाज मोठा निघाला, "हात नका लावू! कातडी सरकली तं पाय तुम्ही देसान काय?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. बाई म्हणाल्या, "अव माय! इले तोंड बी हाय!"

मी अंगारा ह्यांच्या कपाळाला लावला. बाई दशम्यांचा डबा ठेवून, चहा न घेताच गेल्या. मला दिवसभर जेवण गेलं नाही.

पुढे डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा मी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायाकडे. कातडी गुलाबी होती, घट्ट बसली होती. अंगठ्याजवळ थोडी काळी पडली होती. "तेवढं भरून येईल," डॉक्टर म्हणाले.

मी स्वतःहून बाईंना फोन लावला. "बाई, कातडी धरली."

"धरनच. अंगारा कोनं आनला होता?" मग म्हणाल्या, "आता तरी पाहू देशीन का?"

"या. पन दुरूनच पाहा."