उमापुरात वाटला गेलेला समुद्र

वैतागलेली माणसं पाहणं हा माझा जुना छंद. पण उमापुरातल्या माझ्या शेजारच्या धनश्रीइतकं वैतागलेलं माणूस माझ्याही पाहण्यात नाही.

मेंढरं राखणाऱ्या घरातली ही पोरगी रत्नागिरीच्या कॉलेजात संशोधनासाठी समुद्राचा चिखल उपसते. त्यातले जंतू काचेच्या बशीत वाढवते आणि त्यांच्या अंगचा रस जखमेतल्या चिवट जंतूंना मारतो का, ते बघते. शेकडो नापास झाले. “तुझ्या स्थळांपेक्षा जास्त की गं,” असं मी फोनवर म्हणालो, तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

अखेर एक पास झाला. नारिंगी, रुसका, समुद्राच्या पाण्याशिवाय न जगणारा. कॉलेजातला फ्रीज बिघडून त्याची भावंडं मेली, म्हणून उरलेली एकच बशी घेऊन ती दिवाळीला घरी आली. सोबत समुद्राच्या पाण्याचा कॅन. त्या पाण्यात नवा खुराक शिजवून जंतूला लगेच हलवायचं, नाहीतर त्याच्याबरोबर तिचं सगळं काम संपणार.

कुकरचं रबर आणायला ती गेवराईला गेली. परतते तो कॅन रिकामा.

“आई, पाणी कुठंय?”

“गल्लीत वाटलं,” साखराबाई म्हणाल्या. “समुद्राचं पाणी म्हंजे तीर्थच की. लोक शिशीभर आणतेत, तू कॅनभर आणलंस.”

“अगं, माझा जंतू मरंल.”

“जंतूपायी रडतीस. आईला गल्लीत मान मिळाला, ते दिसंना व्हय?”

धनश्री दारोदार फिरली. करमणूक बुडू नये म्हणून मीही मागोमाग. पाणी सगळ्यांनी जपलं होतं, देवघरात, तांब्याच्या गडूत.

“तांब्यानं जंतू मरतात, मावशी,” ती कपाळाला हात लावून म्हणाली.

“मंग लई चांगलं हाय की,” गल्लीतल्या बायनाबाई म्हणाल्या.

शेवटी ती मेंढरांच्या वाड्यावर, तिथे बसलेल्या चुलत्याकडे, सटवाकडे गेली. त्याच्या खुंटीला प्लास्टिकची बाटली लटकत होती, भरलेली.

“काका, हे तांब्यात ओतलं नव्हतं ना?”

“मेंढीच्या सडल्या खुराला लावायचं, त्याला तांब्या कावून?”

“मला द्या. त्याच्यातनं औषध निघंल.”

“मंग पहिलं माझ्या मेंढीला.”

“लई वर्षं लागतील, काका.”

“तवर मेंढी थांबती व्हय?” असं पुटपुटत त्याने थोडं पाणी वाटीत काढून घेतलं आणि बाटली तिला दिली.

तीर्थ कुकरात उकळलं म्हणून साखराबाई दोन दिवस फुगून बसल्या. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नव्या बशीत नारिंगी ठिपका उगवला. आईने येऊन झाकणावर कुंकू लावलं. धनश्रीने डोळे मिटून घेतले. मग उघडून, कुंकू आत तर गेलं नाही ना, एवढं पाहिलं.