चमकलेला ठिपका

सत्यभामाबाई साळवे वाळूजच्या एका कारखान्यात वीस वर्षं लोखंडी भागांवर चमकणारं द्रावण लावून जांभळ्या दिव्याखाली बारीक तडे शोधायच्या. त्यांनाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. डॉक्टरबाईंनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं.

"हे शिरेतून देतात. ते कॅन्सरच्या पेशींना चिकटतं. आधी स्कॅनमध्ये गाठ दाखवतं आणि ऑपरेशनच्या वेळी खास कॅमेऱ्याखाली चमकतं."

लेक करुणा घाबरली. सत्यभामाबाई मात्र म्हणाल्या, "मला कळलं. करा तुम्ही."

ऑपरेशनमध्ये गाठ निघाल्यावर शेजारीच एक ठिपका चमकला. नुसत्या डोळ्यांना तो दिसलाच नव्हता. डॉक्टरबाईंनी तोही काढला. तपासणीत तो कॅन्सरच निघाला.

वर्षभरानं स्कॅन अगदी स्वच्छ आला. करुणा हात जोडून रडू लागली. सत्यभामाबाईंनी डॉक्टरबाईंना विचारलं, "माझ्या आधी हे औषध कुणी घेतलं व्हतं?"

"बऱ्याच पेशंटांनी. त्यातले काही आता नाहीत."

सत्यभामाबाईंचे डोळे भरून आले. "त्यांची नावं मला ठाव नाय, पण लई उपकार हायेत त्यांचे माझ्यावर."

नव्या पेशंटांना धीर द्यायला त्या आता दर मंगळवारी दवाखान्यात येऊन बसतात.