दिल्लीकडं फिरवलेली छत्री

हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक जण मेजरच. म्हणून आष्टी तालुक्यात मी मेजर. नोकरी सिग्नलमध्ये झाली, कानाला हेडसेट लावून. शेवटची अवघड पोस्टिंग बर्फातली. चौकीवर मोजकी माणसं आणि माझ्या जोडीला कडा गावचा लान्स नायक शफीक. एवढ्या मोठ्या फौजेत एकाच तालुक्यातले दोघं एका चौकीवर. आमची तर चंगळच झाली.

शफीकला एक खोड होती. घरी फोन लागला की सलाम-दुवा राहिलं बाजूला, पहिलं वाक्य ठरलेलं, "अम्मी, रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर." म्हणजे आवाज कसा येतोय ते सांग, आता तू बोल. उत्तर त्यानंच शिकवलेलं, लाऊड अँड क्लिअर. त्याच्या अम्मीच्या, म्हणजे आमच्या खालाच्या तोंडात त्याचं झालं 'लाडनकिलेर'. आम्ही पोट धरून हसायचो. पुढं चौकीवर कुणी चहा कसा झालाय विचारलं तरी उत्तर तेच, लाडनकिलेर. फोन ठेवताना मात्र शफीक 'आउट' कधी म्हणायचा नाही. आउट म्हणजे बोलणं संपलं. आईला असं म्हणतात व्हय, म्हणायचा.

एका दुपारी तुफान आलं. गस्त बाहेर होती, वरचा बर्फ सुटायला आलेला, आणि नेमका अँटेनाच्या खांबाचा दोर तुटला. खांब आडवा झाला की आवाज बंद. शफीक बाहेर गेला आणि खांबाला मिठी मारून उभा राहिला. मी आत वायरलेस सेटवर.

"गस्त, ताबडतोब परत फिरा. ओव्हर."

पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिलो. शेवटी उत्तर आलं, "परत फिरलो. आउट." शफीकला आत बोलवायला दार उघडलं, तर बर्फ खाली आला होता आणि खांबही नव्हता, शफीकही नव्हता. गस्तीतले सगळे जिवंत आहेत.

त्याला मरणोत्तर शौर्यपदक जाहीर झालं. पदक घ्यायला त्याची बायको शबाना दिल्लीला गेली. खालाचे गुडघे इतक्या प्रवासाला तयार नव्हते. ती टीव्हीवर बघणार होती. कड्याच्या त्या घरात दुपारपासून माणूस मावत नव्हता. मी मेडल लावून, बूट चमकवून हजर. शफीकचा चुलतभाऊ गफूर गॅरेजवाला. लाइटीचा भरवसा नाही म्हणून त्यानं गॅरेजातला इन्व्हर्टर आणून जोडला होता.

संध्याकाळी सोहळा सुरू झाला, राष्ट्रपती भवनातला दरबार दिसला, खुर्च्यांत शबाना दिसली, आणि आष्टीकडनं काळंकुट्ट आभाळ आलं. अवकाळी, वर गारा. आधी चित्राचे चौकोन झाले, मग सगळं निळं. लाइट गेली, तिच्यामागं मोबाइलचा टॉवरही गेला. इन्व्हर्टरवर टीव्ही चालू होता, पण सिग्नल नाही.

उद्या यूट्यूबवर बघू की, असं कुणीतरी म्हणालं. खालानं त्याच्याकडं रोखून बघितलं.

"माझ्या पोराला हाक आज मारनार हैत," ती म्हणाली. "उद्या काय ऐकू?"

मी सगळ्यांना धीर दिला. पाऊस दाट झाला की असं होतंच, गच्चीवरच्या डिशच्या छत्रीला हात लावायचा नाही, आष्टीच्या अंगाला उघडलं की चित्र आपोआप येणार. विजा नगरकडं सरकल्या, आष्टीच्या बाजूला आभाळ फाटलं, शेजारच्या घरात कुणाच्या तरी बॅटरीवर टीव्ही बोलायला लागला. आमचा निळाच! वर धावलो. गच्चीवर गफूर भिजून चिंब, हातात पाना, चेहऱ्यावर समाधान.

"छत्रीला हात लावलास का बे?"

"लावला की. प्रोग्राम दिल्लीचा, अन् छत्रीचं तोंड आष्टीकडं. म्हनलं कावून? दिली दिल्लीकडं फिरवून."

माझं टाळकंच सटकलं. उपग्रह काय दिल्लीत कुणाच्या छपरावर बसलाय का, तो दक्षिणेला, आष्टीच्याच अंगाला, समुद्राच्या वर आभाळात असतो, म्हणून सगळ्या गावाच्या छत्र्या आष्टीकडं बघतात, असं मी ओरडूनच सांगितलं. गफूरनं शेजारपाजारच्या गच्च्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला. लई चूक झाली म्हणाला. रागवायला वेळ कुठं होता! शेजारची छत्री बघून आमची फिरवली, मग केसभर इकडं, केसभर तिकडं. गफूरनं जोर लावल्यानं नटाचे आटे गेले होते. सोडली की वाऱ्यानं छत्री फिरायची. मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि गफूरला चित्र बघायला खाली पिटाळलं.

खालून आधी नुसती खरखर आली, मग बँड. चित्र आलं का ते मला दिसत नव्हतं. विचारायचं म्हणून तोंड उघडलं, आणि सवयीनं भलतंच निघालं.

"रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर."

त्या घरात हे वाक्य शफीक गेल्यापासून कुणी बोललं नव्हतं. मला जीभ चावावीशी वाटली. तेवढ्यात निवेदकाचा आवाज जिन्यातनं स्वच्छ वर आला, "लान्स नायक शफीक, मरणोत्तर." आणि त्याच्यामागं खालाचा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा,

"लाडनकिलेर, शफीक. लाडनकिलेर."

वरून बोलणारा मी होतो, हे तिला मी सांगितलं नाही. गफूर वर येऊन म्हणाला, झालं मेजर, शबानाला पदक मिळालं, सोडा आता. मी छत्री सोडली नाही, आणि आउटही म्हणालो नाही.