म्हैसमाळला जायचं, तर धार कोण काढणार?

आमच्याकडे कुणी पिशवी भरताना दिसलं, की शेजारीण दारातूनच विचारते, "काय काम काढलं?" लग्न, बारसं, दवाखाना, कोर्टाची तारीख, देव किंवा मैत, यांपैकी एक उत्तर तयार ठेवावं लागतं. "नुसतं फिरायला" म्हटलं, तर विचारणारी जरा थांबते आणि आवाज खाली आणून म्हणते, "घरात बरं हाय ना समदं?"

म्हणून मागच्या श्रावणात व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीनं "आजी, तू वीकेंडला कुठे जातेस?" असं विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. "मंडईत." तुम्ही दोघंही खो-खो हसलात. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर ते डोक्यातून जाईना. मी कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं. त्या धड्यांमधली माणसं सारखी डोंगरातल्या एखाद्या छोट्या गावी दोन दिवस राहायला जायची, खिडकीशी बसून चहा प्यायची, धुक्यात चालून यायची. खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या मुली विचारायच्या, "मॅडम, पण ते तिथं करतात काय?" मी त्यांना अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून द्यायचे. स्वतः कधी गेले नव्हते.

त्याच संध्याकाळी ठरवलं, म्हैसमाळला जायचं. खुलताबादच्या पुढे घाट चढून गेलं, की वर पठारावर हे लहानसं गाव आहे. श्रावणात तिथे ढग रस्त्यावर उतरतात म्हणे. बीडहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोहोचता येतं. मी मोबाइलवर फोटो पाहिले, लॉजवर फोन लावला आणि खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते, गरम पाणी कधी मिळतं, चादरी धुतलेल्या असतात की नुसत्या झटकलेल्या, असं सगळं विचारून घेतलं. पलीकडचा माणूस शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही तपासणीला येताय का राहायला?"

"राहायला," मी म्हटलं. आणि तो शब्द उच्चारताना इतकं छान वाटलं, की पुन्हा एकदा म्हटलं, "राहायला येतोय आम्ही."

तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "आम्ही म्हणजे कोण? मला बीडचे डोंगर पुरेत. गच्चीवरून दिसतात, भाडं पडत नाही." मला ते अपेक्षितच होतं. माझ्या मनात सोबतीला दुसरंच माणूस होतं, तुमची मळ्यातली आजी. म्हणजे माझी धाकटी जाऊ.

तुम्ही लहानपणी नेकनूरजवळच्या आपल्या मळ्यात गेलात की तिच्या मागे मागे गोठ्यात फिरायचात, ते तुम्हाला आठवत असेल. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मळ्यातच आहे. घराबाहेर मुक्काम झाला तो कुणाच्या बाळंतपणाला, नाहीतर कुणाच्या उशाशी दवाखान्यात. कपिलधारचा धबधबा पाहायला आम्ही सगळे गेलो होतो, तर भाकरी खाऊन होते न होते तोच हिचं सुरू, "चला, जनावरं वाट बघत असतील."

मी मळ्यात जाऊन तिला बेत सांगितला. ती सोयाबीनच्या बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"किती जण चाललो, अक्का?"

"आपण दोघीच."

"देव कोणता हाय तिथं?"

"देवी आहे एक. पण आपण देवीसाठी जात नाही आहोत."

"मग?"

"मग काही नाही. उठायचं, चहा प्यायचा, हिंडायचं, पुन्हा चहा प्यायचा. स्वयंपाक दुसरं कुणीतरी करणार."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "दुसरं कुणीतरी? भांडी पण?"

"भांडी पण."

दुसऱ्या दिवसापासून तिचे फोन सुरू झाले. थंडी असती का? स्वेटर घालून फोटो काढला तर लोक हसतील का? चप्पल चालंल का बूट लागत्यात? धपाटे घेऊ का दशम्या? मी सांगायचे, काही घेऊ नको, तिथे सगळं मिळतं. "असू द्या, वाटंत लागतील," म्हणून ती यादीत शेंगदाण्याची चटणीही घालायची. तिनं सुनेकडून लाल स्वेटर मागून आणला होता आणि भर श्रावणाच्या उकाड्यात तो घालून बघितला होता. हे तिनंच मला सांगितलं. मी माझ्या घरात आणि ती मळ्यात, अशा आम्ही दोन म्हाताऱ्या पंधरा वर्षांच्या पोरींसारख्या फोनवर खिदळत होतो.

आणि मग फोन बंद झाले. मी लावला तर म्हणाली, "अक्का, तुमी जाऊन या. मला न्हाई जमायचं."

मी तडक मळा गाठला. कारण गोठ्यात बांधलेलं होतं. तिची काळी म्हैस. नुकतीच व्यालेली, आणि हिच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही कासेला हात लावू न देणारी. सालगड्यानं प्रयत्न केला, तर त्याला बादलीसकट उडवलं. सुनेला बघून पान्हाच चोरला. दोन दिवस धार निघाली नाही तर कास सुजते, म्हैस कायमची आटूही शकते. कुणीतरी इंजेक्शन सुचवलं, तेव्हा जाऊ इतकी भडकली, की तो माणूस पुन्हा मळ्याकडे फिरकला नाही.

तुमचे मळ्यातले आजोबा, माझे दीर, ओसरीवर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत बसले होते. सरपंचपद जाऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळची माणसांची ये-जा अजून चालू आहे. मला म्हणाले, "वहिनी, म्हैस सोडून म्हैसमाळला कावून जाता? इथंच बसा, हिच्याकडंच बघा."

"भाऊजी, तुम्ही काढा की धार."

"मला वळखत न्हाई ती."

"वळखंल," जाऊ चुलीपाशी बसूनच बोलली. "माझं लुगडं नेसलं तर वळखंल. मामंजी नेसायचे न्हाई का, सासूबाई म्हायेरी गेल्या की?"

हे खरं आहे. आपल्याकडे खेड्यात हे सगळ्यांना माहीत असतं. बाईच्या हाताची सवय लागलेल्या म्हशीला फसवायचं, तर पुरुषानं बायकोचं लुगडं गुंडाळून बसायचं. पण माझे दीर एकदम ताठ झाले. "ते दिवस गेले. गावात तोंड दाखवायचं हाय मला. लुगडं नेसून बसू व्हय? चार दिसांवर इलेक्शन आलं."

 जाऊनं खुंटीवरचा लाल स्वेटर काढला, घडी घातली आणि सुनेच्या कपाटात नेऊन ठेवला.

मला परत निघवेना, तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर चहा घेत होते. दीर तोंडात कडुलिंबाची काडी घेऊन अंगणातून चालले होते. गोठ्याच्या पत्र्याआडून धारेचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात मिसळलेलं जाऊचं बोलणं.

"...ढग म्हणं पायाखाली येत्यात. बघ बाई. मी अक्काला म्हनलं, मला जमत न्हाई. पर खोटं कावून बोलू तुझ्याशी? लई वाटत हुतं गं जावं. येकदा तरी कुणाला जेवायला न वाढता जेवावं म्हनलं. व्हय, व्हय, सोड पान्हा. तुझा न्हाई दोष. तू तरी काय करशील..."

दीर जागच्या जागी थांबले. काडी तोंडातच राहिली. बराच वेळ ऐकून ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ही रोजच बोलती का हिच्याशी एवढं?"

"तुमच्याशी बोलत नाही का?"

त्यांनी विचार केला. "माझ्याशी... पाणी तापलं म्हणती. जेवून घ्या म्हणती."

मग त्यांनी चूळ भरली, घरात गेले आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी प्रयोग झाला. आता नेसायचंच तर नीट नेसू, या विचारानं दिरांनी जाऊची सणाची, इस्त्रीची साडी निवडली होती. धोतरावरून ती कशीबशी गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला. पदराखालून मिशा बाहेर. सून हसू लपवायला चुलीमागे पळाली. म्हशीनं मान वळवून एकदा हुंगलं आणि अशी लाथ झाडली, की दीर पेंडीच्या पाटीत जाऊन बसले.

"अवो, तिला माझा वास कुठं हाय?" जाऊ हसून हसून खांबाला टेकली होती. "नुसता साबणाचा वास! मी तिच्याजवळ कदी इस्त्री करून गेलते का?"

तिनं गोठ्यातलं लुगडं आणलं. शेणाचे, दुधाचे, पेंडीच्या आंबोणाचे डाग पडलेलं, दिवसभर अंगावर असलेलं. दिरांनी ते दोन बोटांनी धरलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, संपला आपला बेत. पण ते म्हणाले, "ठेव. सकाळी बघू."

सकाळी जाऊला आम्ही घरात कोंडूनच ठेवलं, म्हशीला तिची चाहूल लागायला नको म्हणून. मी दाराच्या फटीतून बघत होते. दीर ते लुगडं गुंडाळून, पदर पुढे ओढून बसले. म्हशीनं हुंगलं. दीर पुटपुटले, "आता बोलायचं काय हिच्याशी?" मग जाऊसारखा बारीक आवाज काढून म्हणाले, "व्हय बाई, सोड." म्हैस शेपटी हलवून स्वस्थ उभी राहिली. दुधाची पहिली धार बादलीत वाजली आणि मी दाराआडून जाऊचा हात गच्च दाबला.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. समोरच्या पॅनलचा माणूस. ज्याच्या तोंडून गावातली प्रत्येक गोष्ट नाश्त्याच्या वेळेपर्यंत बसस्टँडवर पोचते, तोच.

"आबा हायत का?"

दिरांना गावात सगळे आबाच म्हणतात. धारेचा आवाज एकदम थांबला. मला दिरांची पाठ दिसत होती. उठून आत पळावं तर म्हैस बिथरणार, मग पुन्हा काही ती त्यांच्या हातात येणार नाही. तो माणूस आवाजाच्या अंदाजानं गोठ्याच्या दारापर्यंत आला. माझ्या शेजारी जाऊनं डोळे मिटून घेतले.

"आबा..." त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आबा, ह्ये काय?"

दिरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या नेहमीच्या भरदार आवाजात म्हणाले, "धार चाललीय. ओसरीवर बस, च्या सांगतो."

"पर लुगडं..."

"बायकूचं हाय, दुसऱ्या कुणाचं न्हाई. ती चाललीय फिरायला. दोन दिस." आणि मग जरा थांबून, "हळू बोल बे, म्हैस बुजती."

धारेचा आवाज पुन्हा सुरू झाला.

ओसरीवर चहा घेताना तो माणूस गंभीर होता. कपबशी खाली ठेवत मला म्हणाला, "ताई, खरं सांगू का? आमची पण म्हायेरी गेली की मी बी नेसतो. फक्त दार लावून घेतो."

जाऊनं बादली बघितली. रोजच्यापेक्षा जरा कमी होतं. पण ती सरळ सुनेच्या कपाटाकडे गेली.

शनिवारी आम्ही भाड्याची गाडी करून निघालो. गेवराई येईपर्यंत धपाटे संपले होते. ती ड्रायव्हरशेजारी पुढे बसली होती, कारण मागून नीट दिसत नाही म्हणे. दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, मग घाट. पहिल्याच वळणावर ढग काचेवर आला, तेव्हा तिनं काच खाली करून हात बाहेर काढला आणि ओला हात स्वतःच्या गालाला लावला. "अक्का, बघा! बघा!" म्हणत तिनं तोच ओला हात मागे वळून माझ्याही गालाला लावला.

खोलीची खिडकी दरीकडेच उघडत होती. आम्ही चहा मागवला, स्वेटर चढवले, खुर्च्या ओढून बसलो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दीर होते. पाठीमागून म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं.

"अगं, ही आज मान फिरवून ऱ्हायलीय. मी फोन तिच्या कानाला लावतो. तू बोल जरा चार शब्द."

जाऊनं बाहेर बघितलं. समोरची टेकडी ढगात गेली होती, पुन्हा वर येत होती. तिनं बशीत चहा ओतला.

"मी न्हाई बोलत," ती म्हणाली. "तुमीच बोला तिच्याशी. घरातलं, गावातलं, काय बी सांगा. तिला समदं ऐकायला आवडतं."

आणि फोन पालथा घालून तिनं बशी तोंडाला लावली.