हळदीची सुरी आणि कायद्याचा कागद

आता काय सांगू तुम्हाला, माणूस शहाणा असला की कमी फसतो, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे बोट दाखवा. मी शहाणपणामुळेच फसलो, आणि तेसुद्धा स्वतःच्या लग्नाच्या दिवशी!

झालं असं की, कारकुनाच्या सरकारी परीक्षेचा मी फॉर्म भरला होता. तोवर काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये आल्या-गेल्या मालाच्या नोंदी करत होतो. ही परीक्षा दोनदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी बरोबर कुठल्या दिवशी आली? माझ्या लग्नाच्या! सकाळी दहाला पेपर, संध्याकाळी लग्न. सोडून द्यावी म्हटलं, तर पुढच्या महिन्यात माझं वय संपत होतं. म्हणजे जगण्याचं नव्हे हो, भरतीचं! ही शेवटची संधी होती.

आदल्या संध्याकाळी हळद लागली. आमच्याकडे हळद लागली की नवऱ्यामुलाच्या हातात सुरी देतात, टोकाला लिंबू खोचलेली. लग्न लागेपर्यंत ती सोडायची नाही आणि घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आमची यमुनाआत्या या बाबतीत फार कडक.

"आत्या, परीक्षेला सुरी कशी नेऊ?"

"पेपर पेनानं लिव्ह. सुरी बॅगेत ऱ्हायल. एक तर हळदीच्या अंगानं भाईर चाललास, वर लोखंड बी नको? नजर लागली म्हंजे?"

आत्याशी वाद घालून अजून आमच्या कामतघरात कुणी जिंकलेलं नाही. पण पोलिसांनी पकडलं तर? मी भल्या पहाटे उठून मोबाइलवर कायदा शोधला. पातं नऊ इंचांच्या आत असेल, घरगुती वापराचं असेल, तर हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं. लगेच पट्टी घेऊन सुरी मोजली. साडेपाच इंच! मला इतका आनंद झाला की शेजारच्या झेरॉक्सवाल्याला झोपेतून उठवून त्या कायद्याची प्रिंट काढून आणली. कुणी असं करतं का? मी केलं.

मग आंघोळ केली. परीक्षेला पिवळ्या तोंडानं कसं जायचं, म्हणून साबण लावून लावून हळद घासून काढली. लिंबू हॉल तिकिटावर गळायला लागलं, म्हणून तेही काढून घरी ठेवलं. मोबाइल केंद्रावर चालत नाही, तोही घरीच. बॅगेत उरलं काय? हॉल तिकीट, पेन, पट्टी, सुरी आणि कायदा.

सलीमभाईंची रिक्षा केली. आमच्या नाक्यावरचे जुने रिक्षावाले, मला लहानपणापासून ओळखतात. निजामपुऱ्यापर्यंत मी त्यांना चाकूचा अख्खा कायदा समजावून सांगितला. ते मधूनमधून आरशातून माझ्याकडे बघत होते.

निजामपुऱ्याच्या तोंडाशी नाकाबंदी. सणाचा बंदोबस्त होता. एक हवालदार मॅडम पुढे आल्या. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, कपाळावर घाम, पण उभं राहणं असं की ट्रकसुद्धा आपोआप हळू व्हावा.

"बॅग उघड."

इथे गप बसून बॅग उघडायची की नाही? पण नाही!

"मॅडम, यात एक सुरी आहे. पण तुम्ही घाबरू नका."

"मी? घाबरू?"

"म्हणजे, कायद्यानं चालते. पातं फक्त साडेपाच इंच आहे. हा बघा कागद."

मॅडमनी कागदाकडे पाहिलं, मग सुरीकडे, मग माझ्याकडे.

"साडेपाच हाय हे तुला कसं म्हाईत?"

"मोजलं ना! ही पट्टी." मी पट्टीपण काढून दाखवली.

"बरीच तयारी केलीस रं! सुरी कशाला पायजे?"

"लग्न आहे."

"कोनाचं?"

"माझंच. आज संध्याकाळी."

"आन् आता कुठं निघालास?"

"परीक्षेला."

स्वतःच्या कानांनी ऐकलं तेव्हा मलाही ते पटेना. मॅडमनी चौकशीचा सूर बदलला.

"नवरदेव हायस तर हळद कुठं हाय?"

"धुतली."

"सुरीचं लिंबू?"

"घरी."

"घरी फोन लाव."

"तोपण घरीच आहे."

शेवटी त्यांनी सलीमभाईंना विचारलं, "चाचा, तुम्ही वळखता याला?"

"वळखतो ना मॅडम, पोरगा एकदम शरीफ आहे," सलीमभाई म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तो प्रामाणिक माणूस पुढे बोलला, "पन आज काय झालंय म्हाईत न्हाय. पूरे रास्ते चाकूच्याच बाता करत होता."

संपलं! पण मी अजून हरलो नव्हतो. मागच्या बॅरिकेडला टेकून मी कागद वर धरला आणि म्हणालो, "मॅडम, कायदा म्हणजे कायदा. नऊ इंच!"

"जरा बाजूला हो," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आन् तू टेकलायस ते वाच."

बॅरिकेडवर नोटीस चिकटवलेली होती. पंधरा दिवसांचा मनाई आदेश. सार्वजनिक ठिकाणी चाकू, सुरी, काठी, काहीही बाळगायला बंदी. इंचांचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. मी मनाई आदेशाला टेकून पोलिसांना कायदा शिकवत होतो!

सव्वानऊ वाजलेले. साडेनऊला केंद्राचं फाटक बंद होणार. गुन्हा दाखल झाला तर परीक्षा गेली, नोकरी गेली, आणि संध्याकाळी काल्हेरच्या हॉलमध्ये नवरी एकटीच उभी. सगळा शहाणपणा एका मिनिटात उतरला. "मॅडम, शेवटची संधी आहे हो," एवढंच बोलता आलं, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमनी माझा तो कागद उजेडात धरला. मग नाकाशी नेला. कागद मी आंघोळीच्या आधी हाताळला होता. सगळीकडे बोटांचे पिवळे, तेलकट ठसे!

"हळद हाय ही. तेलातली. लग्नाचीच," त्या म्हणाल्या. मग माझं डोकं धरून कान पुढे वाकवला, जसा शाळेत मास्तर वाकवतात. "आन् कानामागं कोन धुनार?"

काय बाई होती हो! अर्धं शहर हॉर्न वाजवत मागे उभं, आणि ही कागदाचा वास घेऊन निकाल देते. त्यांनी साहेबांना फोन लावून दोन वाक्यांत सगळं सांगितलं, हॉल तिकिटावरून माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि सुरी रुमालात गुंडाळून ठेवली.

"दुपारी घरच्यांना घेऊन चौकीवर ये, पत्रिका दाखव आन् सुरी ने. आता पळ."

आता पळावं की नाही? मी म्हणालो, "पण मॅडम, लोखंड जवळ नसेल तर नवरदेवाला नजर लागते."

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता मात्र थोबाडीत बसणार. मॅडमनी टोपी काढली, अंबाड्यातली एक काळी पिन उपसली आणि माझ्या खिशात खोचली.

"घे लोखंड! पन आता जर तोंड उघडलंस ना..."

मी उघडलं नाही. सलीमभाईंनी गल्लीबोळातून अशी रिक्षा काढली की फाटक ओढत असतानाच मी आत शिरलो. पेपर लिहिला. उत्तरं आठवत नव्हती तेव्हा खिशावरून हात फिरवला, आणि मनातल्या मनात त्या बाईंना नमस्कार केला.

दुपारी यमुनाआत्याला घेऊन चौकीवर गेलो. आत्या भांडायच्या तयारीनं आलेली. पण मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पत्रिका वाचून सुरी हातात ठेवली, आणि पाच मिनिटांत दोघी माहेरच्या गोष्टी बोलायला लागल्या. आमच्या आत्याला इतक्या लवकर कुणी जिंकलेलं मी पाहिलं नव्हतं.

निघताना मला राहवेना. म्हटलं, "मॅडम, मी सभ्य घरातला आहे, हे माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असेल ना तुम्हाला?"

"चेहऱ्यावरून? चेहरा तर पक्क्या चोराचा झालता तुझा!"

मग आत्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आत्याबाई, निकालाची काळजी करू नका. तुमचा पोरगा पास होनार म्हंजे होनार. जवळ सुरी असून जो मानूस कागदाचा धाक दाखवतो, तो जल्माचा कारकून!"

सरकारचा निकाल लागायला चार महिने लागले. मॅडमनी दिलेल्या निकालात आणि त्यात काही फरक नव्हता.