पडद्यावरच्या बाईचं सुतक

ज्या बाईचं सुतक आमच्या घराने पाळलं, ती आमच्या नात्यातली नव्हती, गावातली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मेलीही नव्हती. तरीही त्या सुतकामुळेच माझं लग्न ठरलं! (आत्ताच हसू नका, पुढे आणखी आहे.)

गोष्ट महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले त्याच्या आगेमागची. आमचं घर डहाणूच्या किनाऱ्याला. बाबांची होडी, आईचं मासळी सुकवणं आणि माझं लग्नाचं वय, असा एकूण संसार. शिवाय जमनाआत्या. बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी ती माहेरी परत आली, ती कायमचीच. घरात शेवटचा शब्द बाबांचा असायचा. म्हणजे आत्याचं बोलून झाल्यावर एखादा शब्द शिल्लक उरलाच, तर तो बाबांचा.

आत्या सुकट-बोंबलाची टोपली डोक्यावर घेऊन गंजाड, सायवनपर्यंत विकायला जायची. वाटेत कुणाच्या घरी मयत झालेली दिसली की टोपली खाली ठेवायची, आत जाऊन मनसोक्त रडायची, आणि मग डोळे पुसत शेजारणीला विचारायची, "गेलं कोण गो?" आमच्याकडे रीतच तशी. दुःखाच्या दारात उभं राहून कोण, कधी, कशाने असल्या चौकशा करायच्या नसतात. आधी बसायचं, डोळ्याला पदर लावायचा. मग घरचे आपण होऊन सांगतात. आत्या रडायचीही अशी, की नुसते तोंड दाखवायला आलेले सोयरेसुद्धा लाजून रडायला लागायचे.

त्या वर्षी आमच्याकडे तंबूतला सिनेमा आला. आधी तलासरीला होता, तिथून डहाणूला आला. आत्याने जन्मात सिनेमा बघितलेला नव्हता. मी बघितला होता. एकच, पण बघितला होता! तेवढ्या भांडवलावर मी आख्ख्या आळीत जाणकार. दोनच दिवसांनी मला बघायला तलासरीजवळच्या वेवजीहून पाहुणे येणार होते. धर्माकाका नावाचे गृहस्थ, किनाऱ्यावरून सुकी मासळी नेऊन तलासरीच्या बाजारात विकणारे, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. स्थळ चांगलं होतं. याआधी दोन स्थळं माझ्या उंचीवरून परत गेली होती, त्यामुळे आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "हे हातचं गेलं ना, तर पोर घरात बसेल," असं ती येता-जाता म्हणायची. तरी म्हणाली, "जाऊ दे, एकदा सिनेमा बघून येऊ. सासरी गेल्यावर कोण नेणार हिला?"

दिवेलागणीला पहिला खेळ. आम्ही आळीतल्या सगळ्या बायका पुढे जमिनीवर ठाण मांडून बसलो. पडद्यावर एक गरीब सून होती. सासू दुष्ट, नवरा चांगला पण कामाचा नाही, आणि पदरात छोटं लेकरू. दुसऱ्या गाण्यानंतर सून खोकली. मी लगेच आत्याच्या कानात सांगितलं, "आत्या, ही जाणार."

"तुला काय ठावं?"

"सिनेमात खोकला लागला की माणूस वाचत नाय."

"चल गो! आपल्याकडे आख्खी आळी खोकते. कोण मेलंय?"

पण सून खोकतच राहिली. नवरा औषध आणायला दूरच्या गावी गेला. वादळ आलं, झाड पडलं, वाट बंद झाली. तो धडपडत परत आला, हातात औषधाची बाटली, आणि बघतो तर सरण पेटलेलं! लेकरू आजूबाजूच्या माणसांकडे बघून "आई कुठंय?" विचारतंय!

"अगो माझी बाय गोऽऽऽ!"

आत्या उभी राहिली होती. तिने सूर लावला आणि मागोमाग आळीतल्या बायकांनी उचलला. आई रडली, मी रडले. (मी रडले म्हणजे काय! आत्याच्या खालोखाल माझाच आवाज होता.) मागची पुरुष मंडळी ओरडायला लागली, तंबूवाला धावत आला.

"बेन, बेन! आ तो पिक्चर छे! खोटं हाय सगळं!"

आत्या त्याच्यावर उसळली. "मला येडी समजतोस? बाई खोटी हाय, ठावं हाय मला! पण ते लेकरू बघ ना मेल्या, आई मागतंय!"

 तंबूवाल्याने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं.

घरी आल्यावर आई चुलीकडे वळली, तर आत्या दारातच आडवी. "आधी आंघोळ! मयतीवरून आलो आपण."

बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. घाबरून उठले. "कोण गेलं?"

"सिनेमातली बाई," मी हुंदका देत सांगितलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे, एकदा आत्याकडे बघितलं. "अक्का, माझी बायको जिवंत, पोर जिवंत, तू तर आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाशील. मग मी उपाशी का?"

"जिच्यासाठी जीव तुटला तिचं सुतक लागतं. उद्या दुपारपर्यंत चूल नाय. आणि तळण तर नायच नाय!"

कोळ्याच्या घरात तळण नाही! बाबा पहाटे होडीवर गेले ते कुणाशी न बोलता गेले.

सकाळी आमच्या घराची शोभा काय वर्णावी! चूल थंड. न्हाऊन केस मोकळे सोडलेल्या, डोळे सुजलेल्या आम्ही तिघी भिंतीला टेकून बसलेल्या. आळीतल्या बायका येऊन-जाऊन आदल्या दिवशीचं आठवून पुन्हा डोळे पुसत होत्या. एक शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आली. मला तर उचकी लागली होती ती थांबायचं नाव घेईना.

आणि दारात बैलगाडी थांबली. धर्माकाका आणि त्यांचा मुलगा! उद्या यायचे ते आज! मासळी घ्यायला डहाणूला आलेच होते, तर म्हणाले पोर बघूनच जाऊ.

धर्माकाकांनी उंबऱ्यातून आत नजर टाकली आणि डोक्यावरची टोपी काढली. मुलालाही खूण केली. दोघे चपला बाहेर काढून, खाली मान घालून, मुकाट्याने चटईवर बसले. कोण गेलं हे त्यांनी विचारलं नाही. भला माणूस, रीत पाळणारा! एकदा विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं नसतं का?

आत्याला वाटलं, सिनेमा आधी तलासरीला होता, म्हणजे यांनीही बघितलेला असणार. आपल्यासारखंच यांच्याही काळजाला लागलेलं असणार. तिने पदर डोळ्याला लावला.

"काय सांगू भाऊ, कोवळी पोर गेली हो!"

"अरेरे," धर्माकाका म्हणाले.

"पदरात एवढंसं लेकरू!"

"अरेरेरे!"

आई आत्याला चिमटे काढत होती. पण आत्या एकदा सुरू झाली की तिला भरतीचं पाणीसुद्धा अडवू शकत नव्हतं. "खोकून खोकून जीव गेला पोरीचा. नवरा औषध आणायला गेलेला. वादळात वाट बंद झाली हो! बिचारा बाटली घेऊन आला, तर इथं सरण पेटलेलं!"

धर्माकाकांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पार उतरला होता. आणि मग तो धिप्पाड माणूस दोन्ही हातांत तोंड घेऊन ढसाढसा रडायला लागला.

"मी पण असाच आलो होतो हो!" ते म्हणत होते. "डहाणूलाच आलो होतो औषधाला. ओहोळाला पाणी चढलं. पलीकडं बसून राहिलो, पाणी उतरायची वाट बघत. घरी पोचलो तर राख! लोक म्हणाले, पोरासमोर रडू नको, बाप्या माणूस तू. नाय रडलो. एकदा पण नाय रडलो!"

 मुलगा बापाकडे बघत राहिला. त्यानेही बापाला असं कधी बघितलं नसावं. आत्या उठली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि सख्ख्या भावाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात त्यांच्या पाठीवरून फिरवू लागली. "रड रे दादा. रडून घे." आई रडत होती. मी रडत होते, उचक्या देत होते, आणि मला फार फार बरं वाटत होतं. ही माणसं आपली आहेत असं मला त्या क्षणी वाटलं, आणि ते आजपर्यंत तसंच आहे.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अगो, चूल पेटवा! दुपार झाली! ही पापलेटं बघा कसली घावलीत!"

बाबा! हातात पापलेटांची माळ, तोंडभर हसू!

धर्माकाका थक्क झाले. "अहो, घरात पोर गेली, आणि तुम्ही..."

"कोण पोर?"

"ती... लेकरूवाली. खोकून गेली ती."

"ती होय!" बाबांना पाहुणे कोण हे अजून उमगलं नव्हतं. "ती सिनेमातली हो! ह्या बायांनी कालपासून मला उपाशी मारलंय तिच्यापायी!"

आईने कपाळावर हात मारला. एवढ्या मोठ्या माणसाला आम्ही खोट्या बाईसाठी रडवलं होतं, तेही त्याच्या मुलासमोर! संपलं. स्थळ गेलं! बाबांच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला, तशी पापलेटं आईच्या मांडीवर टाकून त्यांनी हात जोडले. मी उचकीसुद्धा गिळली.

धर्माकाकांनी टोपीने डोळे पुसले. मग आत्याला म्हणाले, "म्हणजे तो नवरा पण सिनेमातला?"

"होय दादा," आत्या पहिल्यांदाच हळू बोलली.

"मग पुढं काय झालं त्याचं?"

"कुणाला ठावं? आम्हाला मेल्याने बाहेर काढलं!"

"असं कसं?" धर्माकाका म्हणाले. "औषध घेऊन आलेला माणूस पुढं काय करतो, ते मला बघायचंय."

झालं! पापलेटं तळली गेली, सगळे जेवले, आणि संध्याकाळी दोन्ही घरं तंबूत हजर! मला बघायला आलेले लोक पडद्याकडे बघत होते, आणि मला काळोखात कुणी बघितलंच नाही. (आमचे 'हे' पुढे जन्मभर सांगायचे, "मी हिला लग्नाआधी बघितली नाय, नुसती ऐकली. उचकी मात्र पसंत होती.") तंबूवाला आत्याला बघून हात जोडून म्हणाला, "बेन, आज शांती राखजो!"

सून पुन्हा मेली. आत्या आणि धर्माकाका शेजारी शेजारी बसून गुपचूप रडले. मग आम्ही श्वास रोखून पुढचं बघू लागलो. नवऱ्याने राखेसमोर डोळे पुसले. आणि लगेच बाग! त्या बागेत तोच नवरा, नवा कोट घालून, झाडाभोवती दुसऱ्याच एका बाईबरोबर गाणं म्हणतोय!

 मग धर्माकाका ताडकन उभे राहिले. "अरे भाड्या! तिची राख तरी थंड होऊ दे!"

"लेकरू कुठाय रे मेल्या?" आत्या उठली. "ते लेकरू कुणाकडे टाकलंस?"

"मी पोराला एकट्याने वाढवला! भाकऱ्या थापायला शिकलो!" धर्माकाका पडद्याला सांगत होते. "आणि हा नाचतो काय!"

तंबूवाल्याने आम्हाला पुन्हा बाहेर काढलं. या खेपेला पाहुण्यांसकट.

बाहेर उभे राहून धर्माकाका अजून धुमसत होते. राग ओसरल्यावर बाबांना म्हणाले, "सोयरे, पोर मला पसंत हाय."

बाबा चाचरले. "पण तुम्ही तिला नीट बघितली कुठं? जरा उंच हाय ती..."

"उंचीला काय करायचंय? माझी बायको गेली तेव्हा माझ्या घरात रडायला कोण नव्हतं. तुमच्या घरात परक्या बाईसाठी चूल विझवतात. मला असलं माणूस घरात पाहिजे."

आईने तिथेच, तंबूच्या दोरीला धरून, रडायला सुरुवात केली. पण ते रडणं वेगळं होतं.

धर्माकाकांना मी आयुष्यभर मामा म्हटलं. बापाने करावी तेवढी माया त्यांनी माझ्यावर केली. सासू नव्हती, तर पहिल्या बाळंतपणात पेजही त्यांनीच रांधली. ती सिनेमातली बाई कोण, कुठली, मला आजही ठाऊक नाही. जिथे असेल तिथे सुखी असो. ती मेली म्हणून माझं घर उभं राहिलं. आणि आत्याचे उपकार तर मी कोणत्या जन्मी फेडणार?

मात्र माझी पाठवणी झाली त्या दिवसाची गोष्ट अजून वेवजीत निघते. नवरीने रडावं अशी रीत. आत्या रडत होती, आई रडत होती, बाबा जाळ्यात तोंड लपवून रडत होते. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून खुद्द माझे सासरे हुंदके देत होते! मी मात्र कधीची गाडीत चढून, ऐसपैस मांडी घालून, वाटेसाठी दिलेल्या पुडीतले तळलेले बोंबील खात बसले होते. गाडीवाल्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मामांकडे बघितलं, आणि बाबांना हळूच विचारलं, "शेठ, सासरी नक्की कोण चाललंय?"